तिसरा पीस

जुन्या कॅमेऱ्याची बॅग आज उघडली, तसा रबराचा तो वास आला आणि जालन्यातलं दुकान आठवलं. लग्नाचे फोटो काढायला मला पहिला डीएसएलआर हवा होता. दुकानातल्या शेठनं शिकणाऱ्याला पुरेल असा, सोबतच लेन्स येणारा एक हलका कॅमेरा काढून दिला. वडील एमआयडीसीतल्या लोखंडाच्या मिलमध्ये भट्टीवर होते, आणि कुठलीही वस्तू घेताना पहिला पीस घ्यायचा नाही हा त्यांचा नेम. त्यांनी व्ह्यूफाइंडरला उजवा डोळा लावला. “धुकट दिसून राह्यलं. दुसरा दाखवा.” दुसराही धुकट. शेठनं डोळ्याजवळचं बारीक चाक फिरवून पाहिलं, मग तिसरा खोका फोडला. “हा बी तसाच. मालच खराब हाय तुमचा,” वडील चिडले. मी तिन्ही पाहिले. समोरच्या पानटपरीची पाटीसुद्धा लख्ख वाचता येत होती. शेठ हळूच म्हणाले, “काका, दुसरा डोळा लावून बघा बरं.” वडिलांनी डावा डोळा लावला आणि बराच वेळ कॅमेरा खाली घेतलाच नाही. “हां, आता बराबर,” एवढंच म्हणाले. बाहेर आल्यावर त्यांनी गाडीची चावी माझ्या हातात दिली आणि मागं बसले. “आईला सांगू नको, मंग कामावर जाऊ द्यायची न्हाई.” गळ्यात नवा कॅमेरा होता, मी सांगितलं नाही. ते पुढं कित्येक वर्षं भट्टीच्या धगीसमोर उभे राहिले. आता डावा डोळाही तसाच झालाय. मी काढलेला फोटो समोर धरला, की ते अजून म्हणतात, “धुकट हाय. दुसरा दाखव.”