पांढरी बाई आणि वीस सुऱ्या

आमच्या मामांच्या घरात भूत नाही, असा ठराव झालेला आहे.

मामा एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झाले आणि तेव्हापासून गावच्या विहारात दर पौर्णिमेला अंधश्रद्धेवर बोलतात. भाषण एकच. (शेवटचा विनोद आला की लोक चपला शोधायला लागतात.) त्यामुळं नागभीडच्या पुढं, जंगलाला टेकलेल्या त्या घरात काही खुडबुडलं, तर ते उंदीर असतात, वारा असतो, नाहीतर मामी असते. चौथं काही असायला परवानगी नाही.

आता माझ्याकडे येतो. मी मूल गावी शाळेत इंग्रजी शिकवतो आणि दोन वर्षांपासून फ्रेंच शिकतो. सध्या मी मधल्या पायरीवर आहे. मधली पायरी म्हणजे जिथं मजकूर समजलेला नसतो, पण समजला असं मनापासून वाटतं! वाचन माझं कच्चं. आमच्या ऑनलाइन मॅडमनी त्यावर मंत्र दिला होता, "प्रत्येक शब्दाला डिक्शनरी उघडू नका. अडलं की पुढं चला. मागचं-पुढचं बघून अंदाज लावा!" हे ऐकून आमची बायको म्हणाली, "तुमचं तं लगनापासून अंदाजावरच चालू हाये."

मामांनी धानाच्या कोठाराला लागून पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या. पहिल्या पाहुण्या आल्या त्या थेट फ्रान्सच्या, पक्षी बघणाऱ्या एक वयस्कर बाई. मामी त्यांना फ्रान्सबाई म्हणायची. त्या पोचल्या त्या दिवशी मी फोनवर त्यांच्याशी दहा मिनिटं फ्रेंचमध्ये बोललो. त्या सारख्या "वी, वी" (हो, हो) म्हणत होत्या. ही गोष्ट मी मूलच्या अर्ध्या बाजाराला सांगितली.

तीन दिवसांनी सकाळी-सकाळी मामांचा फोन. "अबे गौतम, फ्रान्सबाई गेली. रजिस्टरात पानभर लिवून ठेवलं हाये. चार वाजता नागपूरचे पाहुने येऊन राह्यले, त्याइले वाचून दाखवाचं हाये. ये लवकर!"

मी पोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते आणि धुकं हटलं नव्हतं. बांधाच्या पलीकडचं जंगल गायब. कुठंतरी एका गाईच्या गळ्यातलं ठोकर (लाकडाची घंटा) वाजत होतं, तेही मी फाटक उघडल्यावर थांबलं. का थांबलं, कळलं नाही. कोठाराच्या बाजूनं मात्र कोणीतरी दातांतून श्वास घ्यावा तसा आवाज येत होता. श्शश्श... मग शांत. मग परत श्शश्श...

"वारा," मामा म्हणाले. पान हलत नव्हतं.

मामी ओसरीवर पदर सावरून बसली होती. तीन दिवस तिनं दुखऱ्या गुडघ्यानं फ्रान्सबाईला रांधून घातलं होतं. तीस वर्षांत मामांनी तिच्या हातच्या जेवणाला कधी 'बरं' म्हटलेलं नाही. तिला या पानावर एक चांगला शब्द हवा होता, एवढंच. "माह्याबद्दल असन ते मोठ्यानं वाच," ती म्हणाली.

डिक्शनरी मी मुद्दाम आणली नव्हती, आणि मोबाइलला रेंज फक्त बांधावरच्या मोहाच्या झाडाखाली येते. तिथं जाऊन शब्द शोधणं म्हणजे इज्जतीचा प्रश्न! मी घसा साफ केला.

"'इथं एक पांढरी बाई आहे.' दाम ब्लांश! अगदी स्पष्ट लिहिलंय."

मामी एकदम फुलली. "मीच व्हय ते! आली त्या दिवशी पौर्णिमा होती. मी पांढरं लुगडं नेसून विहारातून येऊन राह्यली होती."

"'अशी सुंदर बाई मी आयुष्यात पाहिली नाही.'"

"ऐकून राह्यले का जी?" मामी मामांना म्हणाली. मामांनी छताकडे पाहिलं.

पुढचं वाक्य सोपं होतं. 'एल व्होल सां ब्र्युई.' 'सां ब्र्युई' म्हणजे आवाज न करता. आणि 'व्होल'? कालच्याच धड्यात चोराची गोष्ट होती! मी विचार न करता बोलून गेलो, "'ही बाई... आवाज न करता चोरी करते.'"

कोठारातलं श्शश्श नेमकं तेव्हा ठळक ऐकू आलं.

"म्या का चोरलं तिचं?" मामी म्हणाली. "साबनाची वडीसुद्धा नवी देली म्या!"

"थांब मामी, पुढं खुलासा असेल. 'एका रात्रीत ती व्हँ सुरी खाते...'"

"सुरी? माही भाजी कापाची सुरी परवापासून दिसून नाई राह्यली!"

"फ्रेंचमध्ये सुरी म्हणजे हसणं. 'ती वीस वेळा हसते आणि खाते.'"

"मी खाताना हसते?" मामीनं विचारलं. "अवो, त्या बाईले ताप होता तं रातभर उशाशी बसली मी. आन तिनं हे लिवलं?" ती उठली. "चार वाजता येनाऱ्याइले तुमीच रांधून घाला. चूल पेटत नाई आज. खोल्याइले कुलूप लावा!"

मामांनी पाहुण्यांच्या जेवणाची जबाबदारी स्वतःवर आलेली पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला. "अबे, पुढं वाच ना! काई चांगलं असन."

मी वाचलं. वाचता वाचता माझाच आवाज बारीक झाला. "'ती माळ्यावर राहते. चार लहानगी आहेत. अंग न हलवता ती तोंड पूर्ण मागं फिरवते... खाली मला हाडं सापडली.'"

मामीला चार लहानगी नाहीत. मामीची मान संधिवातामुळं डावीकडे सुद्धा फिरत नाही. मामा माझ्याकडे बघायला लागले, मी मामांकडे.

"मामा," मी म्हणालो, "एक शब्द मी सोडला होता. ठराव आहे म्हणून."

"कोनता?"

"आं रव्नां. धानाच्या बांध्यांत तिला दिसलं ते. रव्नां म्हणजे... भूत."

श्शश्श...

"भूत नसते," मामा म्हणाले. हे त्यांनी कोठाराकडे बघत सांगितलं. "चाल, दाखवतो तुले." आणि भाषणात नेहमी करतात तसं एक पाऊल पुढं टाकून त्यांनी मला पुढं ढकललं.

कोठारात दिवसाही अंधारच. नव्या धानाचा वास, आणि त्याखाली दुसराच काहीतरी, शिळा वास. माळ्याच्या खाली जमिनीवर काळसर गोळे पडले होते. मी पायानं एक फोडला. आत केस आणि बारीक, पांढरी हाडं. फ्रान्सबाईनं एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं.

"भूत नसते," मामा माझा शर्ट मागून धरून म्हणाले.

मी शिडीवर चढलो. श्शश्श थांबलं. ठोकर थांबलं होतं तसंच, एकदम. मी माळ्यावर डोकं काढलं आणि हातभर अंतरावर मला एक पाठ दिसली. लहान, पिवळसर, निवांत पाठ. मग ती पाठ तशीच राहिली आणि तिच्यावरचं तोंड सावकाश माझ्याकडे फिरलं. पांढरंफटक. बदामासारखं. मधे दोन काळे डोळे. त्या तोंडानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि किंचाळलं!

किंचाळलो मीही, पण ते नंतर मामांनी सांगितलं म्हणून कळलं. शिडी एकीकडे, मी एकीकडे, आणि आम्ही दोघंही मामांवर. खाली तणस (भाताचा पेंढा) होतं म्हणून वाचलो. ती पांढरी बाई आमच्या डोक्यावरून दारातून धुक्यात निघून गेली. जराही आवाज न करता. तणसात पालथे पडलेले मामा म्हणत होते, "बुद्धं सरणं गच्छामि! गौतम, दिसली का बे तुले? पाय उलटे व्हते का?"

मामी धावत आली. तिनं वर बघितलं. चार पांढरे, कापसाचे गोळे ओळीनं वाकून आमच्याकडे बघत फुसफुसत होते.

"अगा, हे तं घुबडाचे पिल्लं हायेत," मामी म्हणाली. "आन माही सुरी तुमच्या खिशात का करून राह्यली जी?"

सुरी मामांनी पोत्याची सुतळी कापायला नेली होती. उठताना ती खिशातून खाली पडली होती.

मामीनं माझा कान धरला. शब्दशः धरला, वय वर्षं बेचाळीस! रजिस्टर काखेत घेऊन तिनं मला मोहाखाली नेलं. "उघड डिक्शनरी. एकेक शब्द. अंदाज लावशीन तं पाह्य!"

दाम ब्लांश म्हणजे गव्हाणी घुबड, तिकडच्या बोलीत. व्होल म्हणजे चोरते, आणि उडतेसुद्धा. सुरी म्हणजे उंदीर. आं रव्नां म्हणजे फक्त 'परत येताना'. एका रात्रीत वीस उंदीर खाणारी ही बाई, हिला हाकलू नका, असं पानभर प्रेमानं लिहिलं होतं.

"आन मी?" मामीनं विचारलं. "मी कुठीच नाई त्यात?"

होती. पान उलटल्यावर. मी मोहाला टेकून, एकेक शब्द शोधत वाचलं, "'मादाम, मला ताप होता तेव्हा तुम्ही रात्रभर माझ्या कपाळावर हात ठेवून बसलात. सकाळी दिलेली तांदळाची पेज माझ्या आईच्या हातची वाटली. आपल्याला एकमेकींचा एक शब्द समजत नव्हता, तरी काही समजायचं राहिलं नाही.'"

मामीनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "परत वाच. तुह्या मामाले ऐकू जाईन असं वाच." मी वाचलं. लांबून, तणस झटकत, मामा म्हणाले, "पेज बरी करते ती." मामीनं मान वळवता येईल तेवढी वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि चूल पेटवायला निघाली.

मी एकटाच राहिलो. पानाच्या तळाशी अजून दोन ओळी होत्या. त्या मात्र मला डिक्शनरीशिवाय, एका दमात, शब्दन् शब्द समजल्या. दोन वर्षांत पहिल्यांदाच!

'तुमचा भाचा माझ्याशी फोनवर दहा मिनिटं बोलला. एक अक्षर कळलं नाही, पण मराठी किती गोड भाषा आहे!'