अण्णांना कोणापासूनही धोका नाही

आमच्या घरात मुदती मी सांभाळतो. गाडीचा विमा, पीयूसी, गॅसची नळी, दुकानाचा परवाना, बायकोच्या गोळ्या, कशाची मुदत कधी संपते ते कपाटाच्या दाराला आतून लिहून ठेवलेलं असतं. घरातले यावरून माझी थट्टा करतात, पण आजवर आमच्याकडं काही मुदतीबाहेर गेलेलं नाही. अपवाद एकच, अण्णांच्या रिव्हॉल्व्हरचं लायसन.

अण्णा म्हणजे माझे वडील. कळंबच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आमची आडत आहे. शेतकऱ्याचा माल विकून द्यायचा आणि आपली दलाली घ्यायची, असा धंदा. पूर्वी सगळा व्यवहार रोखीचा होता. हंगामात पैसे घेऊन संध्याकाळी घरी यावं लागे, म्हणून अण्णांनी लायसन काढलं. रिव्हॉल्व्हर कमरेला, त्यावर शर्ट आणि वरून जाकीट. हत्यार लोकांना दिसता कामा नये, असा नियमच होता. ते कधी कुणाला दिसलं नाही आणि ते अण्णांकडं आहे हे माहीत नसलेला माणूसही मोंढ्यात सापडला नसता. अण्णा बोलता बोलता जाकीट जरा सारखं करत. तेवढं पुरत असे.

ते एकदाही उडालं नाही. कुणी विचारलं तर अण्णा म्हणत, "उडवायची येळच आली न्हाय, म्हंजी काम चोख चाललंय."

लायसनचं पुस्तक मात्र ते माझ्या हाती लागू देत नसत. गेल्या वर्षी हट्टानं मागून घेतलं, तर मुदत केव्हाच उलटून गेलेली.

"अण्णा, हे संपलंय."

"कसं संपंल? हिशेब चुकलाय तुझा."

"इथं तारीख छापलीय."

"तारीख राहू दे. इलेक्शन लागलं की हत्यार ठाण्यात जमा करतो का न्हाय? लोकसभा झाली, विधानसभा झाली, झेडपी झाली. तेवढे महिने ते माझ्याकडं नव्हतंच. ते पुढं धरायचे."

मी आयुष्यभर हिशेबच केले आहेत, पण इतका चुकीचा आणि तरीही इतका पक्का हिशेब कधी पाहिला नव्हता. सालगड्यानं वर्षात जेवढे खाडे केले, तेवढे दिवस साल संपल्यावर भरून द्यायचे, ही आमच्याकडची रीत. अण्णांनी सरकारला सालगडी धरलं होतं आणि निवडणुका म्हणजे सरकारचे खाडे.

मुदत संपलेलं हत्यार घरात ठेवणं गुन्हा आहे. मी त्याच दिवशी अण्णांना गाडीवर मागं बसवलं आणि ते ठाण्यात जमा करायला लावलं. रस्ताभर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणत होते, "पोटचं पोरगं बापाला ठाण्यात घालाय निघालंय."

दुसऱ्या दिवसापासून अण्णा दुकानात यायचे बंद झाले. आधी पोट बिघडलं होतं, मग गुडघा धरला, मग ऊन फार होतं. दिवसभर बाजेवर बसून भिंतीकडं बघत. शेवटी बायको म्हणाली, "त्यांना काही झालेलं नाही. कमरेला काही नाही म्हणून जात नाहीत."

मी अण्णांना विचारलं, "ते आता नाही हे लोकांना कळणार कसं? आधी तरी कुठं दिसत होतं?"

"मला कळतंय ना," अण्णा म्हणाले आणि भिंतीकडं वळले.

तेव्हा प्रश्न सरळ होता. लायसनचं नूतनीकरण झालं तर अण्णा मोंढ्यात येणार, नाहीतर बाजेवर राहणार. मी धाराशिवला जिल्हा कचेरीत जाऊन अर्ज भरला. हत्याराची गरज काय, असा एक रकाना होता. आता सगळे पैसे बँकेतून जातात, त्यामुळं रोख फारशी नेत नाही, असं मी खरं ते लिहिलं.

कारकुनानं चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "हे तुम्ही अर्जदाराकडून लिवलंय का सरकारकडून?"

"जे आहे ते लिहिलंय."

"अहो, जिवाला धोका हाय म्हणून लिवा. सगळे लिवत्यात."

"पण धोका नाही."

"मग लायसन कशाला पायजे? कमरेला वजन म्हणून?"

तेच खरं कारण होतं, पण त्याला रकाना नव्हता. कारकुनानं कपाळाला हात लावला आणि पोलीस चौकशीत काय ते येईल म्हणत अर्ज ठेवून घेतला.

चौकशीला हवालदार मोंढ्यात आला. त्या दिवसापुरते अण्णा इस्त्रीचं जाकीट घालून गादीवर येऊन बसले होते. हवालदार भला माणूस होता. त्याला मदतच करायची होती.

"अण्णा, कुणाशी वैर? कुणाची धमकी? काहीतरी असंल की."

"मला धमकी? ह्या मोंढ्यात? कोण देतो, दावा बरं."

"कुणी अंगावर आलं असंल कधी?"

"आलं असतं तर माघारी गेलं नसतं."

हवालदारानं लेखणी खाली ठेवली आणि समोरच्या दुकानाकडं वळला. समोरचे आडते, ज्यांना मी काका म्हणतो, ते अण्णांच्याच वयाचे. त्यांच्या पत्र्याचं पाणी आमच्या ओट्यावर पडतं, यावरून दोघांचं माझ्या लहानपणापासून भांडण आहे. दर पावसाळ्यात ते एकमेकांच्या खानदानापर्यंत जातात. मला वाटलं, आता काम झालं.

काका ताडकन उठून उभे राहिले. "अण्णाला दुश्मन? आख्ख्या तालुक्यात न्हाय! लिवा साहेब, माझी सही घ्या!"

मागून हमाल ओरडले, "देवमाणूस हाय, साहेब!"

मी काकांना बाजूला घेतलं. "काका, पत्र्याचं भांडण सांगा की!"

"येडा का तू? पोलिसापुढं घरचं भांडण सांगत्यात व्हय?"

मोंढ्यातल्या यच्चयावत माणसांनी अण्णांची बाजू घेतली आणि अर्जाचं वाटोळं केलं.

तरी एक संधी उरली होती. सुनावणीला धाराशिवला बोलावणं आलं. एसटीत मी अण्णांना म्हणालो, "खोटं बोला असं मी म्हणणार नाही. पण थोडी भीती सगळ्यांनाच वाटते. तुम्हालाही वाटत असेल."

अधिकारी तरुण बाई होत्या. त्यांनी कागद बाजूला ठेवून मऊ आवाजात विचारलं, "बाबा, तुम्हाला खरंच कुणाची भीती वाटते का?"

एक 'हो' पुरला असता. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं.

"न्हाय, मॅडम."

त्यानंतर अण्णांनी बाज सोडलीच नाही आणि मीही त्यांच्यासमोरून जाताना पाय न वाजवता जाऊ लागलो.

पुढं आदेश आला. तो मी बाजेशेजारी बसून वाचून दाखवला. "पोलीस अहवाल व अर्जदाराचा जबाब पाहता अर्जदारास कोणापासूनही धोका असल्याचे दिसून येत नाही. सबब अर्ज नामंजूर."

अपिलाची मुदत मी कपाटाला लिहिणारच होतो. अण्णा म्हणाले, "परत वाच. सबबच्या आधीचं."

परत वाचलं.

"खाली सही कुणाची?"

"जिल्ह्याच्या साहेबांची. शिक्का आहे."

"कोणापासूनही म्हंजी, कोणापासूनही?"

"हो. अपील करायचं का?"

"कशाचं अपील? सरकारनं खरं लिवून दिलंय, ते जाऊन खोटं पाडू?"

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडायला गेलो तर अण्णा माझ्या आधी ओट्यावर उभे. आदल्या संध्याकाळीच त्यांनी आदेश लॅमिनेट करून आणला होता. तो गादीच्या वर, येणाऱ्याला पहिला दिसेल असा लागला. आता ते रोज येतात. नवा शेतकरी आला की आधी आदेश वाचायला लावतात, मग सोयाबीनचा भाव सांगतात.

परवा काकांनी मला हळूच गाठलं. "मलाबी तसला एक काढून दे की. काय कागद लागत्यात?"

मी रीतसर सांगितलं, "रिव्हॉल्व्हरच्या लायसनसाठी अर्ज करायचा आणि तो नामंजूर व्हायला हवा."

"आन चौकशीला पोलीस कुणाला इचारत्यात?"

"समोरच्या दुकानात."

काकांनी आमच्या गादीकडं पाहिलं. अण्णा पत्र्याकडं बोट दाखवून कुणाला तरी काहीतरी सांगत होते.

"मग राहू दे," काका म्हणाले. "त्यो माझं लायसन मंजूर करून ठिवंल."