सात नंबरची झाकणं

बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यातून फोरमन निवृत्त झाले आणि दर रविवारी किनाऱ्यावर कचरा उचलायला जाऊ लागले. "जन्मभर केलंत, ते आता निस्तरा," बायकोने आशीर्वाद दिला.

त्यांचं पोतं मात्र कधी भरत नसे. प्रत्येक झाकण ते चष्म्याजवळ नेऊन पाहत. सफाईचा हा गट चालवणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या बाई अखेर वैतागल्या. "काका, कचरा उचलताय की त्याची मुलाखत घेताय? पुढच्या रविवारपासून तुम्ही चहाच सांभाळा."

फोरमननी मूठ उघडली. "बाटली उघडली की झाकणाखालचं कडं तुटतं. ही सगळी अखंड आहेत. म्हणजे बाटलीवर बसलीच नाहीत, थेट कारखान्यातून आलीत."

"कुठल्या?"

"आमच्या. आतला सात नंबर माझ्या मशीनचा. खाली सांडलेली झाकणं फरशी धुताना गटारात जायची. तीस वर्षं मीच धुवून घेतली."

सोमवारी ते बरणीभर झाकणं घेऊन मालकांपुढे उभे राहिले.

"गटाराला जाळी बसवायला वेळ कुणाला आहे?" मालक म्हणाले.

"मला आहे. तुम्हीच निवृत्त केलंत."

जाळी बुधवारी बसली. फोरमन अजूनही प्रत्येक झाकण निरखून पाहतात. चहा आता बाई करतात.