आत्याबाईंची सलग प्रार्थना

देवाला "जरा थांब हं" असं सांगून कोंबड्या हाकायला उठणारी बाई मी उभ्या जन्मात एकच पाहिली, आणि देव अशा बाईसाठी खरोखरच थांबत असणार याबद्दलही माझ्या मनात कधी शंका आली नाही. या बाई म्हणजे माझ्या मालकांच्या आत्या. सगळं ईट गाव त्यांना आत्याबाईच म्हणायचं. अगदी त्यांच्याहून दोन पावसाळे जास्त पाहिलेले म्हातारेसुद्धा. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा निजामाचं राज्य होतं, तिकडं लांब कुठंतरी मोठी लढाई चालली होती, आणि आत्याबाईंचा एकुलता एक दानू नगरला जाऊन पलटणीत भरती झाला होता. गेल्यापासून त्याची काही खबर नव्हती. हे लोकांनी मला मागाहून सांगितलं. आत्याबाईंनी पहिल्या दिवशी मला एवढंच विचारलं, "काय गं पोरी, प्रार्थना करताना तुझं मन कुठं जातं?"

मी नवी नवरी. मी म्हटलं, "कुठंच नाही."

"खोटं बोलतीस," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून माझ्यावर त्यांचा लोभ जडला.

आत्याबाईंचं म्हणणं असं, की दानू सुखरूप परत यायचा तर देवापुढं त्याच्यासाठी एक तरी प्रार्थना सलग झाली पाहिजे. अथपासून आमेनपर्यंत, मधी कुठं न तुटता. "म्हशीची धार काढताना मधीच उठलं तर म्हैस पान्हा चोरती का न्हाय? मग देवाचं काय येगळं हाय?" असा त्यांचा हिशोब. आणि नेमकी तीच सलग प्रार्थना त्यांच्या हातून होत नव्हती. "हे देवबापा, माझ्या दानूला" इथवर गाडी यायची, की लसूण उन्हात राहिल्याचं आठवायचं. लसूण आत आणून पुन्हा बसल्या, की मीठ संपल्याचं. त्यावर त्यांनी स्वतःच एक तोड काढली होती. आपण बायका विसरू नये म्हणून पदराला गाठ मारतो ना, तशी प्रार्थनेत जो विचार आडवा येईल त्याची त्या पदराला गाठ मारायच्या. "बस हितं बांधलेला. आमेन झालं की सोडते तुला," असं त्याला बजावायच्याही. आमेन झालं की उंबऱ्यावर बसून एकेक गाठ सोडायची. "ही गवऱ्यांची. ही भूमच्या बाजाराची. ही जावंच्या टोमण्याची, तिला उत्तर द्यायचं राह्यलंय." एकदा मात्र एक गाठ कशाची ते काही केल्या आठवेना. मला विचारलं, शेजारी विचारलं, वाटेनं जाणाऱ्या तलाठ्यालासुद्धा पदर दाखवून विचारलं. तेवढ्या वेळात सुटलेल्या वासरानं सगळं दूध पिऊन टाकलं, आणि मग त्यांना आठवलं, की गाठ वासराचीच होती.

आमचे पाळकबाबा बार्शीकडून घोड्यावर बसून महिन्याकाठी उपासनेला यायचे. माणूस देवमाणूस, पण प्रार्थना फार लांब. ती संपेपर्यंत आत्याबाईंचा पदर गाठी होऊन होऊन इतका आखूड व्हायचा, की डोक्यावर घ्यायला पुरायचा नाही. एकदा पाळकबाबांनी त्यांना हटकलं, "आत्याबाई, चित्त प्रभूकडं ठेवा. सारखी काय चाळवाचाळव?"

"बाबा, तुमचा घोडा माझ्या पावट्यात शिरलाय. पर तुमी काळजी करू नका, बांधून ठेवलाय."

"घोड्याला बांधलंत? बरं झालं."

"घोड्याला कुठं? इचाराला. घोडा खातोय की अजून."

पाळकबाबा आशीर्वाद न देताच बाहेर पळाले.

पण नुसत्या गाठी मारून गप्प बसणाऱ्या त्या नव्हत्या. दुसऱ्यांचं मन देवापुढं कसं ठरतं याची त्यांना फार उत्सुकता, आणि विचारायला भीडभाड नाही. एका शुक्रवारी मला घेऊन शेजारच्या खालांकडं गेल्या. खाला पाच वेळा नमाज पढणाऱ्या. त्यांचं मन नक्की ताब्यात असणार, असा आत्याबाईंचा होरा. खालांनी पान लावता लावता कपाळावर हात मारला. "क्या बोलूं आत्याबाई, सजदे में बी मेरेकू हांडी च दिखती! नमक डाली की नै डाली?" तिथून आम्ही वाण्याच्या अक्कांकडं गेलो. त्या लिंगायत, रोज तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसायच्या. आत्याबाईंना त्यांचा हेवा वाटायचा. धरायला हातात काहीतरी आहे म्हणून. "अक्का, खरं सांगा, त्याच्याकडं बघितल्यावर दुसरं काय दिसत न्हाय ना?" अक्का इकडंतिकडं बघून हळूच म्हणाल्या, "दिसतंय की. हातात देव असतोय आन् डोळ्यांपुढं उंदीर. कालच साखरंचं पोतं फोडलंय मेल्यानं." परत येताना आत्याबाई आमच्या दारापाशी थांबल्या. मग म्हणाल्या, "समद्यांचं सारकंच हाय तर. पर त्यांची पोरं घरात हायेत गं." तोवर मी या सगळ्याला गंमत समजत होते. त्या दिवशी मात्र मला हसू आलं नाही.

एका संध्याकाळी त्या अशाच भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. मी मागं ज्वारी निवडत होते. अंगणात बुटांचा आवाज झाला. वर बघते तर दारात एक वाळलेला, काळवंडलेला माणूस, खांद्यावर पलटणीची पिशवी. मी दानूला कधी पाहिलं नव्हतं, पण नाक आत्याबाईंचंच होतं. त्यानं हाक मारली, "माय."

आत्याबाईंच्या बोटांनी पदर चाचपला, गाठ मारली, आणि प्रार्थना पुढं चालू!

मी सूप टाकून उठले. तर त्यानंच हातानं मला थांबवलं. टोपी काढून तो उभा राहिला. आई मागत होती, "त्याला येळंवर भाकर दे बापा. पायाला जप त्याच्या, लहानपणी पाय मुरगाळलाय. डोस्क्यानं तापट हाय, सायबाला उलटून बोलला तर तू सायबाला समज दे." शेळी येऊन त्याच्या पिशवीचा पट्टा चावायला लागली, तरी तो हलला नाही. डोळे वाहत होते, ते त्यानं पुसलेही नाहीत. सगळं झालं. आमेन झालं. आत्याबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि वळल्या.

आधी त्याच्या दंडाला हात लावून बघितला. मग तोंडाला. मग म्हणाल्या, "कवा आलास रं?"

"मघाच."

"मग हाक न्हाय मारायची?"

"मारली की माय."

चुलीपाशी मला राहवलं नाही. मी हळूच विचारलं, "आत्याबाई, हाक ऐकू नाही आली तुम्हाला?"

पीठ मळता मळता त्या म्हणाल्या, "आली की. रोजच यायची गं. प्रार्थनेला बसलं की हा मागं येऊन हुबा ऱ्हायचा आन् माय म्हणायचा. पयल्या पयल्यानं म्या वळायची. कोण नसायचं. मग वळायचंच सोडलं."

ती प्रार्थना सलग झाली म्हणायची, की गाठ मारली तेव्हा मधी तुटली म्हणायची, हे मला आजतागायत उमगलेलं नाही. तेव्हाच विचारून घ्यायला हवं होतं. पण दानू ताटापुढं येऊन बसला, आणि आत्याबाई त्याच्याकडं बघत राहिल्या. तव्यावरची भाकरी पार करपली. त्यांनी ती तशीच त्याला वाढली. त्यानंही ती सगळी खाल्ली, आणि आणखी एक मागितली.