बाटलीतली साय

आत्माराम शारजाच्या एका ज्यूस फॅक्टरीत क्वालिटीला होता. पट्ट्यावरून जाणारी बाटली जरा कमी भरलेली दिसली, की हा 'खलास' म्हणून ती बाजूला काढायचा. बारा वर्षं दुसऱ्यांच्या बाटल्यांना नावं ठेवण्याचाच पगार घेतला बिचाऱ्यानं. आपल्या हातचं काहीतरी कुणीतरी एकदा वाखाणावं, एवढंच त्याला हवं होतं. आता माणसानं पेटी शिकावी, कुंड्या लावाव्यात. पण नाही. सत्त्याण्णव साली हा अजमानच्या फ्लॅटमध्ये, तिथं घरी दारू करणं गुन्हा असताना, चोरून आंबट बिअर करायला लागला.

त्याच्या बायकोनं, विद्युल्लतानं, पहिल्या दिवसापासून कानांवर हात ठेवले. "पाहुण्यांच्या बाथरूममध्ये पिंप आहे, एवढंच मला ठाऊक. आत काय आहे ते मी बघितलेलं नाही, बघणारही नाही." शेजारच्या जैनबनं वास कसला म्हणून विचारलं, तर हिनं बिनदिक्कत 'सिरका', व्हिनेगर, म्हणून सांगितलं.

बिअर चवीला बरी व्हायची. पण बाटलीत भरून महिना झाला, की गळ्याशी पांढरी, सुरकुतलेली साय धरायची. अपाय काही नव्हता तिचा, पण दिसायला शी! आठवीतली पर्णिका लांबूनच म्हणायची, "बाबा, दॅट इज सो ग्रॉस." केटरिंगवाला मित्र राजाभाऊ बाटली उजेडात धरून विचारायचा, "आत्म्या, ही चहात घालायची का रे?" सगळे हसायचे. आत्मारामही हसायचा, पण आतून जळायचा.

त्यानं बाटल्या उकळल्या, बुचं बदलली, यीस्ट बदललं. साय आपली हजर.

मग एकदा फॅक्टरीत तो मशीनवरच्या किसनला झापत होता. "अरे, वर एवढी हवा ठेवलीस तर आत काहीबाही धरणार नाही का?" आणि बोलता बोलता त्याला घरच्या बाटल्या दिसल्या. घरी तो स्वतः प्रत्येक बाटली चार बोटं रिकामी ठेवत होता. का, तर गच्च भरलेली बाटली फुटली आणि आवाजानं वॉचमन वर आला तर? हात्तिच्या. बारा वर्षांची अक्कल हा रोज गेटवर जमा करून घरी येत होता.

पुढच्या खेपेला त्यानं नळी पार तळापर्यंत सोडली, फेस होऊ न देता बोटभर जागा राहीपर्यंत भरलं, लगेच बूच दाबलं. फुटायला नको म्हणून बुडबुड्यांपुरतीच साखर काट्यावर तोलून घातली. आणि बाटल्या उचलून हलवून बघायची खोड सोडली.

तीन महिन्यांनी, एका शुक्रवारी, राजाभाऊ आणि त्याचा भागीदार सुजीत जेवायला आले. बाटली आरपार स्वच्छ. राजाभाऊनं ग्लास संपवला, दुसरा मागितला. आत्मारामची छाती फुगली.

"शेवटी शहाणा झालास," राजाभाऊ म्हणाला. "दुकानातून आणलीस ना? लेबल मात्र बेमालूम सोललंयस हां."

आत्माराम नळीचं सांगायला लागला, हवेचं सांगायला लागला. तो जितकं सांगे तितके ते दोघं खिदळत. इतकी चांगली झाली, की त्याची राहिलीच नाही.

विद्युल्लता कोथिंबीरवड्यांची बशी घेऊन आली होती. ती तिथंच थांबली.

"भावजी, यांनीच केलीय ती," ती म्हणाली. "तीन महिने माझ्या घरात होती. आणि मागच्यापेक्षा खूप चांगली झालीय."

आत्मारामला एकदम भरून आलं. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"मागची तू कधी प्यायलीस?"

"वड्या गार होतायत," विद्युल्लता म्हणाली.