उलटी ढांग

माझी लेक सध्या तिसरीत आहे आणि तिचा सगळा अभ्यास फरशीवर पालथं पडून चालतो. लातूरच्या आमच्या दोन खोल्यांत ती अशी आडवी झाली की स्वयंपाकघराची वाट बंद होते. बायको सरळ म्हणते, ऊठ गं, वाट सोड. मी तसं म्हणत नाही. मी पलंगावर चढतो, पलीकडच्या अंगाला उतरतो आणि चहा घेऊन त्याच मार्गानं परत येतो. बायकोला वाटतं, मास्तर माणूस, लेकीच्या अभ्यासाला मान देतोय. तसं काही नाही. मी एकदा एका पोराला ओलांडलं होतं.

आडव्या लेकराला ओलांडू नये, त्याची वाढ खुंटते, हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. चुकून ओलांडलंच, तर ज्यानं ओलांडलं त्यानंच आल्या पावली उलटं जायचं, की झालं फिटलं. मलाही हे लहानपणापासून माहीत होतं. पण मी मधल्या काळात डी.एड. केलं होतं.

मी रेणापूरकडचा. पहिली नेमणूक मिळाली हदगाव तालुक्यातल्या एका खेड्यात. तिथवर पोचलो तेव्हा माझी मराठी थोडी परकी झाल्यासारखी वाटली. मी ‘काय करायलास’ म्हणायचो आणि पोरं एकमेकांकडं बघून हसायची, कारण तिकडं ‘काय करून राहिला’ म्हणतात. शाळा दोन मास्तरांची. पहिली-दुसरी मुख्याध्यापक गुरुजींकडं. ते निवृत्तीला टेकलेले, बोलणं कमी आणि सुपारी जास्त. तिसरी-चौथी एका खोलीत, माझ्याकडं.

परिसर अभ्यास हा विषय तर मला हातचा मळ वाटायचा. मी, माझं कुटुंब, माझं शरीर, माझा शेजार. ह्यात शिकवायचं काय, लेकरं हे घरूनच शिकून येतात. ते खरंच होतं. फक्त माझ्यापेक्षा जास्त शिकून येतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

कुटुंबात कोण कोण, असं विचारलं तर एकानं आई, बाप, भाऊ आणि म्हैस सांगितली. मी फळ्यावरून म्हैस पुसली. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, म्हणून परत लिहिली. मग बाकीच्यांनी आपापल्या गाई-शेळ्या काढल्या आणि माझ्या फळ्यावर कुटुंब कमी, गोठा जास्त झाला. शेजाराच्या पाठाला मी अंगणात रांगोळीनं गावाचा नकाशा काढला आणि मोठ्या प्रेमानं शाळा मधोमध ठेवली. चौथीत एक पोरगी होती, दोन घट्ट वेण्या, आवाज सरपंचाचा. तिनं येऊन शाळा तळहातानं पुसली आणि पार कडेला नेऊन काढली. “शाळा गावाच्या भाईर हाय सर. मधी पार हाय.” तेव्हापासून माझ्या वर्गात शेवटचा निकाल तीच देऊ लागली.

आणि मग ते पोरगं. तिसरीतलं, वर्गात सगळ्यांत बुटकं. त्याचा बाप बुटका, आई बुटकी, थोरला भाऊ बुटका. सगळं घरच बसक्या चणीचं. पण ह्याला एक गोष्ट हवी होती आणि ती उंचावर होती. आमच्या शाळेची घंटा म्हणजे कडुलिंबाच्या फांदीला तारेनं बांधलेला रुळाचा तुकडा. तो मुदखेड जंक्शनहून आलाय एवढंच गाव सांगायचं. कसा आला ते कुणी सांगायचं नाही. वाजवायचा लोखंडी टोल गुरुजी लिंबाच्या बेचक्यात उभा खोचून ठेवायचे आणि त्यांचा नियम साधा होता: ज्याचा हात टोलापर्यंत पोचेल त्यानं घंटा वाजवावी, मागायचं नाही, भांडायचं नाही, कुणी कुणाला उचलायचं नाही. त्यामुळं ते काम कायम चौथीच्या उंच पोरांकडं. हे पोरगं रोज सकाळी सगळ्यांच्या आधी यायचं, दप्तर ओट्यावर टाकायचं आणि लिंबाखाली उड्या मारायचं. हात पोचायचा नाही. मग शांतपणे चड्डी वर ओढून प्रार्थनेच्या रांगेत पुढं उभं राहायचं. सगळ्यांत पुढं, कारण उंचीप्रमाणे रांग.

‘माझे शरीर’ आलं तेव्हा मी ठरवलं की पुस्तकातलं चित्र दाखवायचं नाही. एका लेकराला व्हरांड्यातल्या शहाबादी फरशीवर झोपवायचं, खडूनं त्याच्याभोवती रेघ ओढायची आणि मग त्या आकृतीत सगळ्यांनी डोळे, कान, गुडघे भरायचे. खडू कमी होते, म्हणून मी सगळ्यांत लहान आकाराचं लेकरू निवडलं. काटकसर, दुसरं काही नाही. पोरगं खुशीत आडवं झालं. मी गुडघ्यावर बसून डावी बाजू काढली, पायापर्यंत आलो, उजव्या बाजूला जायचं होतं, पायाशी भिंत होती आणि डोक्याशी पोरांची गर्दी. मी उठलो आणि एक ढांग टाकली.

व्हरांडा गप्प झाला. मला वाटलं, रंगली लेकरं.

“सर,” वेण्यावाली म्हणाली, “तुमी त्याला वलांडलं.”

मी हसलो. आता मागं फिरून बघतो तेव्हा वाटतं, नुसतं हसून थांबलो असतो तरी भागलं असतं. पण माझ्या अंगात तेव्हा नवीन मास्तर होता. मी खडू खाली ठेवला आणि उंची कशानं वाढते ह्यावर बोललो. हाडं, आहार, आईवडलांचे गुण. लई बोललो. फरशीवरचं पोरगं तसंच झोपून, मान वाकडी करून, माझ्याकडं बघत होतं. माझं संपल्यावर त्यानं अगदी अदबीनं, खरंच माहिती हवी म्हणून विचारलं, “सर, तुमाला बी लहानपणी कुणी वलांडलं होतं का?”

आता सांगायलाच हवं. मी बुटका आहे. फळ्याच्या वरच्या ओळीसाठी मी तेव्हाही स्टूल घ्यायचो.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. शेतात निघालेली, कमरेला विळा, डोक्यावर भाकरीचं फडकं. रागावलेली नव्हती, तेच अवघड गेलं. “सर, तेवढं उलटं जाऊन द्या की,” ती म्हणाली, “तुमचं काय जातं?” मी तिलाही हाडं, आहार सांगू लागलो. ती ऐकून घेऊन म्हणाली, आहार तर देतो सर, पण वलांडलं तुमी. आणि गेली. गुरुजी दारात सुपारी कातरत होते. त्यांनी आडकित्त्यावरची नजर न काढता सुनावलं, “सर, विज्ञान काय एका ढांगेनं बुडत नसतंय.” पण मी हट्टाला पेटलो होतो. मी म्हणालो, सिद्ध करून दाखवतो.

वर्गाच्या चौकटीला पोराला पाठ लावून उभं केलं, डोक्यावर पट्टी ठेवली, पेन्सिलीनं रेघ मारली आणि वर्गाला सांगितलं: दर महिन्याला मोजू, रेघ वर जाईल, मग बघा.

महिना झाला. सगळा वर्ग चौकटीभोवती. पट्टी ठेवली, ती आधीच्या रेघेवरच बसली. पुढच्या महिन्यात तेच. लेकरं थांबून थांबून वाढतात, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. ते मी सांगितलंही. पण वेण्यावालीनं नुसता सुस्कारा सोडला आणि सगळे जागेवर जाऊन बसले, मयताहून परतल्यासारखे.

मग मी घाबरलो. डब्यातले शेंगदाण्याचे लाडू त्याला देऊ लागलो. हदगावच्या बाजारातून केळी आणू लागलो. मधल्या सुट्टीत त्याला लिंबाच्या खालच्या फांदीला लोंबकळायला लावू लागलो. पोरगं बिचारं सांगेल ते करायचं, लाडू खायचं, लोंबकळायचं. गावात बोलवा झाली की सर पोराला ताणून राहिले.

आणि ह्या सगळ्या गडबडीत एक गोष्ट मला दिसलीच नव्हती. ती दिसली एका सकाळी, मी लवकर पोचलो तेव्हा. पोरगं नेहमीसारखं सगळ्यांच्या आधी आलेलं. दप्तर ओट्यावर. पण लिंबाखाली गेलं नाही. ओट्यावर बसून पायानं माती उकरत होतं. मी विचारलं, काय रे, आज उड्या नाहीत? त्यानं वरच्या टोलाकडं बघितलंसुद्धा नाही. “आता काय फायदा सर,” म्हणालं.

रागानं नाही, रडून नाही. एखाद्या म्हाताऱ्यानं यंदा पेरणी करत नाही म्हणावं, तसं. ओलांडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यानं उडी मारली नव्हती आणि मी तिकडं पट्टी घेऊन चौकट मोजत बसलो होतो.

त्या संध्याकाळी रेणापूरला आईला फोन लावला. सहज बोलल्यासारखं करून विषय काढला. आई म्हणाली, “लेकराला वलांडून इतके दिवस झाले, अन् तू मला आता सांगायलास?” मी हाडांचं काढायच्या आतच तिनं बजावलं की उद्या शाळेत गेल्यावर आधी ते कर, मग फळ्याला हात लाव. जाता जाता हेही कळलं की मला लहानपणी माझ्या चुलत भावानं ओलांडलं होतं आणि ते तसंच राहून गेलं होतं. हे तिनं मला त्याच दिवशी का सांगावं, देव जाणे. मी बराच वेळ आरशापुढं उभा होतो.

दुसऱ्या दिवशी मी पोराला व्हरांड्यात झोपायला सांगितलं. त्याच फरशीवर. खडूची रेघ कधीच पुसली होती, पण वेण्यावालीला जागा बोटभर इकडंतिकडं न होता माहीत होती. तिनं पोराला सरकवून नीट बसवलं, म्हणजे झोपवलं. डोकं भिंतीकडं नाही, पाय भिंतीकडं. मग माझ्याकडं वळली. सर, तोंड तिकडं. पाठीनं यायचं. खाली बघायचं नाही. हे शेवटचं तिनं मनानंच घातलं होतं, ते माझ्या नंतर लक्षात आलं.

मी पाठमोरा झालो, एक पाय मागं टाकला, तो हवेत असतानाच पोरानं अर्धं उठून बघितलं, माझी टाच त्याच्या कानाला लागली आणि मी माझ्या पूर्ण उंचीनिशी, जेवढी आहे तेवढी, फरशीवर बसलो. पॅन्ट शिवणीवर उसवली. कुणी हसलं नाही. वर्गापुढं फार मोठा प्रश्न उभा राहिला होता: हे धरायचं की नाही धरायचं? धरलं आणि मी पुन्हा उलटा गेलो, तर ते ओलांडणं होतं की फिटणं? वाद बराच रंगला. व्हरांड्याच्या टोकाला गुरुजी येऊन उभे राहिले होते. शेवटी वेण्यावालीनं निकाल दिला की सर अजून पल्याडच होते, निम्मंच झालं, धरायचं नाही. मी एक हात मागच्या शिवणीवर ठेवून पुन्हा उभा राहिलो आणि ह्या वेळी, एकेक पाय, नीट, उलटा, त्या पोरावरून अल्याड आलो.

“झालं,” वेण्यावाली म्हणाली. पोरगं उठलं, कान चोळत. त्यानं अंगाकडं खालपासून वरपर्यंत एकदा पाहून घेतलं आणि वर्गात जाऊन बसलं.

पुढच्या सकाळी मी गुरुजींच्या खोलीत हजेरीवर सही करत होतो. शाळा भरायला अजून वेळ होता. बाहेर एक उडी ऐकू आली. मग दुसरी. मग बऱ्याच. मग काहीतरी लोखंडी मातीवर पडल्याचा आवाज, आणि लगेच घंटा. घंटा म्हणजे काय, सलग, दम न घेता, सुटतेय का भरतेय काही कळू नये अशी. अंगणात येतो तर पोरगं दोन्ही हातांनी टोल धरून रुळावर मारत होतं आणि कापसाच्या रानातून त्याची आई सरळ उभी राहून शाळेकडं बघत होती. गुरुजींनी घड्याळ बघितलं, मला वाटलं आता ओरडतील. ते म्हणाले, “वाजू द्या. आज जरा लवकर भरवू.”

मी गुपचूप आत गेलो. प्रार्थनेनंतर पोराला चौकटीशी बोलावलं, पट्टी ठेवली. रेघ तिथंच. पेन्सिलीच्या जाडीएवढीही वर नाही. मी पुन्हा एकदा मोजणार, तर वेण्यावाली मागं उभी.

“आता मोजून काय करून राहिले सर?” ती म्हणाली. “टोल पडला की.”

मी पट्टी कपाटात ठेवली. त्यानंतर त्या चौकटीवर मी रेघ मारली नाही. पुढच्या वर्षी, पोरगं चौथीत असतानाच, माझी बदली इकडं झाली. पोरगं फार उंच झालं नसणार, त्या घरात कोण होणार. पण मी निघालो त्या दिवसापर्यंत घंटा त्याच्याकडंच होती.

परवा दारावरची बेल वाजली, कुरिअरवाला असेल म्हणून मी घाईघाईनं उठलो आणि लेकीला ओलांडून गेलो. पार्सल घेतलं, सही केली, दार लावलं. मग दाराकडं तोंड ठेवून, पार्सल छातीशी धरून, तिच्यावरून हळूहळू मागं आलो. ह्या वेळी पडलो नाही. लेकीनं पुस्तकातून मान वर केली नाही. बायको मात्र स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात लाटणं. संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा पलंग भिंतीकडं सरकवलेला होता आणि लेकीच्या डोक्याकडून जायला माणूसभर वाट मोकळी झाली होती.