बजाबाईच्या हिरवळीवरचे चट्टे

बजाबाईचा स्वभाव जन्माचा संशयी. दूधवाल्यानं दूध घातलं तरी आधी बोट बुडवून बघणार आणि मग विचारणार, "आज म्हस पाण्यातच बसली होती व्हय रं?"

वळसंगची शेती भावकीत वाटली गेली, तशी ती लेकाकडं सोलापुरात आली आणि होटगी रस्त्यावरच्या एका लग्नाच्या लॉनवर कामाला लागली. मालक महेश्वरनं पहिल्या दिवशी गवत दाखवलं, तर बाई खुरपं धरून उभीच.

"मालक, ही तर हरळी! आमच्यात हिला उपटून बांधावर जाळत्यात. तुमी इकत आणून लावलीया?"

"मावशी, हीच जपायची. बाकीचं तण काढायचं."

ह्यात काहीतरी डाव असणार, असं तिला बरेच दिवस वाटत राहिलं. पण माणसाचा जीव कशावर बसेल सांगता येत नाही. ऊन उतरलं की पाणी, वाढली की कापणी, मांडववाल्यानं खांबाला खड्डा पाडला की त्यात गाळाची माती. हिरवळ अशी दाट धरली, की वऱ्हाडातल्या बायका चपला हातात घेऊन चालायच्या.

आणि मग एका कोपऱ्यात पिवळा चट्टा पडला. मागोमाग दुसऱ्या कोपऱ्यात. महेश्वर वाकून बघून गेला. "लग्नसराई तोंडावर आलीय, मावशी. हे असंच राहिलं तर मी सरळ प्लास्टिकचं गवत अंथरतो."

प्लास्टिकला ना पाणी लागतं, ना बजाबाई. त्याच दिवसापासून ती चोर शोधायला लागली.

संशय आधी आचाऱ्यावर गेला, उकळतं पाणी ओतत असेल म्हणून. मग मांडववाल्यावर. शेवटी राखणदार शिवप्पावर येऊन बसला, कारण तो अक्कलकोटकडचा कानडी, बोलायचा कमी आणि हसायचा जास्त.

"काय रं, रोज सकाळी गवतात काय करतोस?"

"चालतो, अव्वा. डॉक्टर सांगितलाय."

"अनवाणी?"

"मग काय घोड्यावर बसून चालू?"

एवढं हसणारा माणूस सरळ असेल कसा? बजाबाईनं मालकाच्या कानावर घातलं, "त्यो गवतावर काय तर टाकतोय." महेश्वर म्हणाला, "उद्याच काढतो त्याला."

त्याच संध्याकाळी एक बारसं उरकलं. पाहुण्या बायकांनी हिरवळीचं तोंडभर कौतुक केलं होतं. असं कौतुक झालं, की बजाबाई लॉनची दृष्ट काढायची. मूठभर खडं मीठ ओवाळायचं, इथं सगळं गॅसवर, चूल नाही म्हणून तांब्यातल्या पाण्यात सोडायचं आणि कोपऱ्यात ओतून टाकायचं. चट्टे पडल्यापासून तर तिनं मुठी वाढवल्या होत्या. नजर जबर, तर मीठही जबर.

ओतता ओतता तिचं लक्ष आपल्या पायांकडं गेलं. पाय पिवळ्यात होते. ती दुसऱ्या कोपऱ्यात गेली. तिथंही ती दर वेळी उभी राहायची तिथंच पिवळं. खाली बसून तिनं चिमूटभर माती जिभेला लावली.

खारट!

गप्प बसली असती तर शिवप्पा गेला असता आणि हिचं नाव कुणी घेतलं नसतं. ती उठली आणि तशीच मातीच्या हातानं महेश्वरच्या दारात गेली. "त्याला काढू नगा, मालक. मीठ मी घातलंय."

"तुम्ही? कशाला?"

"नजर लागू नये म्हणून की!"

महेश्वर कपाळाला हात लावून खुर्चीत बसला. हसावं का ओरडावं, त्याला कळेना. "चट्टे भरले तर राहा," शेवटी म्हणाला.

तिनं खारी माती खणून काढली, गाळ भरला, दाट भागातल्या हरळीच्या काड्या कापून पेरावरचा एकेक डोळा मातीत दाबला. पाइप धरायला शिवप्पा आपणहून आला. पहिल्या लग्नापर्यंत कोपऱ्यांत पोपटी कोंब उठले. प्लास्टिकची गुंडाळी काही आली नाही.

शिवप्पानं तिला कधी जाब विचारला नाही. फक्त एकदा डबा उघडून म्हणाला, "अव्वा, भाजीत मीठ कमी हाय बघ. तुझ्याकडं असंल की."

"पाइप सरळ धर, मेल्या," बजाबाई म्हणाली आणि ह्याला कुणी सांगितलं असेल, त्याचा विचार करत खुरपायला लागली.